झाकली मूठ कोणाची?

पानझडी फळांचा, म्हणजे हिवाळ्यात पाने गाळणाऱ्या झाडा-वेलींच्या फळांचा, हंगाम तोंडावर आला की निर्यातदार देशांतल्या बागायतदार संघटना आणि सरकारी खाती आपापले पीक अंदाज जाहीर करतात. सफरचंद इतके लाख टन, नासपती इतकी, द्राक्षाचे इतके कोटी खोके, गेल्या वर्षापेक्षा इतके टक्के जास्त किंवा कमी. आणि त्याच आठवड्यात जुना वाद नव्याने पेटतो. एक बाजू म्हणते, हा आकडा म्हणजे आपल्याच पाठीवर मारण्यासाठी खरेदीदाराला आपण दिलेली काठी आहे. पीक भरघोस येणार असे आपणच जगाला ओरडून सांगितले तर भाव कोण देईल? झाकली मूठ सव्वा लाखाची. दुसरी बाजू म्हणते, माहिती मोकळी ठेवा, बाजार आपोआप योग्य भाव ठरवेल. दोन्ही बाजू वर्षानुवर्षे हीच वाक्ये एकमेकींना ऐकवत आहेत. पहिलीला खरेदीदार किती जाणतो याची कल्पना नाही आणि दुसरीला बागायतदार किती अडलेला असतो याची.

माझे मत आधीच सांगतो. अंदाज जाहीर झालाच पाहिजे. ठरलेल्या दिवशी, सर्वांना एकाच वेळी, आणि शक्यतो बागायतदारांच्या स्वतःच्या पैशाने व देखरेखीखाली. मात्र आज तो बहुतेक ठिकाणी ज्या रूपात बाहेर पडतो, म्हणजे एक गोळाबेरीज आकडा आणि शेजारी गेल्या वर्षाशी तुलना, ते रूप अपुरे आहे आणि कधी कधी घातकही ठरते. आकडा सांगावा की लपवावा हा खरा प्रश्न नाही, कारण आकडा लपत नसतो. तो कोणाकोणाला ठाऊक असतो, एवढेच ठरवणे आपल्या हाती असते.

या फळांच्या बाबतीत अंदाजाला एवढे वजन का येते, हे झाडाकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. सफरचंदाची या वर्षीची फुले ज्या डोळ्यांतून फुटतात, ते डोळे गेल्या उन्हाळ्यातच घडलेले असतात. त्या वेळी झाड फळांनी लगडलेले असेल, तर फळातल्या बियांमधून येणारी संप्रेरके नव्या फुलकळ्या घडू देत नाहीत, आणि पुढचे वर्ष हलके जाते. म्हणून एक वर्षाआड बहर धरणारी झाडे या फळांत नवी नाहीत. मग हिवाळा येतो. पाने झडलेले झाड निजलेले दिसते, पण ते थंडीचे तास मोजत असते. नेहमीच्या सफरचंद जातींना साधारण सात अंश सेल्सिअसच्या खालचे आठशे ते हजार किंवा त्याहून जास्त तास लागतात. ते पुरे झाले नाहीत तर फुलोरा एकसाथ येत नाही. एका फांदीवर फळ धरलेले आणि दुसरीवर कळी, अशी बाग नीट तोडताच येत नाही. त्यापुढे फुलोऱ्यातले हिव, मग फळगळ, मग विरळणी म्हणजे जादा फळे काढून टाकणे, मग फळ फुगण्याचे दिवस, आणि अधूनमधून गारपीट. अशी सव्वा वर्षाची साखळी असते आणि तिच्या प्रत्येक कडीवर पुढच्या पिकाविषयी काहीतरी कळत जाते. गव्हाचे कोठार चुकलेला अंदाज पोटात घेऊ शकते. पीच आणि चेरीला ती सवड नसते. तोडणीनंतर काही दिवसांत किंवा फार तर काही आठवड्यांत ती विकली गेली पाहिजेत. त्यामुळे आधी कळणे हेच इथे मोठे भांडवल आहे. ते कोणाकडे असावे?

मूठ झाकणाऱ्यांची समजूत अशी, की आपण गप्प राहिलो तर खरेदीदार अंधारात राहील. प्रत्यक्षात काय घडते? मोठ्या आयातदारांची आणि सुपरमार्केट साखळ्यांची माणसे फुलोऱ्यापासून तोडणीपर्यंत अनेकदा बागा पाहून जातात. दोन-तीन खंडांतले पुरवठादार त्यांना दर आठवड्याला आपल्याकडची परिस्थिती कळवत असतात. पॅकहाउसमधली प्रतवारीची यंत्रे फळन् फळ मोजतात आणि ती नोंद मालाबरोबर पुढे सरकते. उपग्रहाच्या चित्रांवरून बागांचा जोम जोखून देणाऱ्या कंपन्याही आता आहेत आणि त्यांचे गिऱ्हाईक छोटा बागायतदार नसतो. बागायतदाराला काय दिसते? स्वतःची बाग, शेजाऱ्याची बाग आणि रस्त्याने जाताना दिसणाऱ्या चार बागा. त्याची झाडे लगडली असतील तर त्याला आनंद होतो. सगळ्यांचीच लगडली आहेत, हे त्याला भाव ठरवण्याच्या टेबलावर कळते, आणि तेही समोरचा माणूस सांगतो म्हणून. म्हणजे मूठ झाकलेली असते ती फक्त आपल्या आपल्यात.

अमेरिकेतल्या कापूस उत्पादकांना हा धडा फार पूर्वी मिळाला. तिथे १८६२ मध्ये कृषी खाते स्थापन झाले आणि दुसऱ्याच वर्षी त्याने पीक अहवाल काढायला सुरुवात केली. व्यापाऱ्यांकडे स्वतःचे बातमीदार होते, शेतकऱ्याकडे कोणी नव्हते. ही विषमता कमी करणे हा त्यामागचा एक हेतू होता. १९०५ मध्ये याच खात्यातला एडविन होम्स हा सांख्यिकी अधिकारी कापसाचे आकडे जाहीर होण्याआधीच सट्टेबाजांना पुरवत असल्याचे उघडकीला आले. खिडकीचा पडदा ठरावीक पद्धतीने ओढून तो बाहेर उभ्या असलेल्या साथीदाराला खूण करीत असे, असे सांगितले जाते. प्रकरण बाहेर काढण्यात कापूस उत्पादकांच्या संघटनेचा पुढाकार होता. त्यातून पुढे पीक अंदाज बंद झाले का? मुळीच नाही. आकडे पक्के करण्याचे काम एका मंडळाकडे गेले, ते काम कुलूपबंद खोलीत होऊ लागले आणि निकाल ठरलेल्या क्षणी सर्वांसाठी खुला होऊ लागला. नुकसान आकड्याने केले नव्हते. तो काही जणांना आधी मिळाला, म्हणून नुकसान झाले होते.

असे असले तरी मूठ झाकणाऱ्यांच्या बाजूने एक खरोखर भक्कम मुद्दा आहे आणि खुल्या माहितीचे समर्थक तो टाळतात. शेतमालाची मागणी ताणली जात नाही. फळ स्वस्त झाले म्हणून माणूस दुप्पट सफरचंदे खात नाही. इंग्लंडमध्ये चार्ल्स डॅव्हेनंट यांनी १६९९ मध्ये छापलेला आणि ग्रेगरी किंग यांच्या नावाने ओळखला जाणारा हिशेब अर्थशास्त्रात प्रसिद्ध आहे: धान्याचे पीक एक दशांशाने घटले तर भाव तीन दशांशाने चढतो, दोन दशांशाने घटले तर आठ दशांशाने. हाच हिशेब उलटा वाचला तर थोडे जास्त पीक म्हणजे बरेच कमी पैसे. मग पीक जास्त येणार ही बातमी आपल्याच तोंडाने का द्यायची? याला जोडून आणखी एक उदाहरण आहे. १९२७ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकी कृषी खात्याने कापसाचे भाव उतरण्याची शक्यता आहे असे छापले आणि बाजार खरोखरच घसरला. उत्पादक एवढे चिडले की १९२९ मध्ये संसदेने कापसाच्या भावाचे भाकीत करायला खात्याला कायद्यानेच मनाई केली. ती मनाई २००८ पर्यंत टिकली. आकडा तोंडातून निघाला की बाजार हलतो, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा?

पुरावा खरा आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष खरा नाही. मनाई भावाच्या भाकितावर होती, पिकाच्या अंदाजावर नव्हती. ते अंदाज पुढेही चालूच राहिले. हा फरक केवळ शब्दांचा नाही. पीक किती आहे ही झाडावर असलेली वस्तुस्थिती आहे. भाव काय येईल हे पुढच्या सौद्यांवर ठरते आणि मोठ्या संस्थेने ते आधीच सांगितले की सौदे त्या वाक्याभोवती फिरू लागतात. पीक अंदाज देणाऱ्या संघटनांनी भावाविषयी मौन पाळावे, हा त्या अनुभवाचा योग्य अर्थ आहे आणि तो मला मान्य आहे. दुसरे असे, की मनाई आल्यानंतर भाव सावरले का? मनाईला दोन-तीन वर्षे होतात न होतात तोच महामंदीत कापूस मातीमोल झाला. भाकीत नव्हते म्हणून घसरण थांबली नाही. किंगच्या हिशेबातही भाव पडतो तो जास्तीच्या मालामुळे. माल आला की बातमी येतेच. लपवून आपण फक्त तिची तारीख पुढे ढकलतो, आणि ती ढकलली की फळ आधीच खोक्यात बसलेले असते.

आधी कळले तर बागायतदार काय करू शकतो, हे इथे सांगायला हवे, कारण खुल्या माहितीचे समर्थक तिथे फारच ढोबळ बोलतात. पीक जास्त दिसत असेल तर विरळणी कडक करता येते. फळे कमी पण मोठी मिळतात. कमी प्रतीच्या मालासाठी रसाच्या किंवा सुकवणीच्या कारखान्याशी आधीच करार करता येतो. शीतगृहातली जागा, तोडणीची माणसे, खोकी आणि जहाजावरचे कंटेनर वेळेवर धरता येतात. एका बाजारावर सगळा माल न ओतता दुसऱ्या बाजाराची परवानगी मिळवण्याच्या मागे लागता येते. २०१७ आणि २०१८ या युरोपातल्या दोन लागोपाठच्या हंगामांकडे पाहा. एप्रिल २०१७ मध्ये फुलोऱ्यात हिव पडले आणि युरोपीय संघाच्या सफरचंद पिकाचा ऑगस्टमधला अंदाज सुमारे ९३ लाख टनांवर आला. आदल्या वर्षापेक्षा पाचव्या हिश्श्याने कमी. विसावलेली झाडे पुढच्या वर्षी फुलांनी फुटली. २०१८ चा अंदाज सुमारे १ कोटी २६ लाख टनांचा होता. प्रत्यक्षात पीक त्याच्याही वर गेले आणि पोलंडमध्ये रसाच्या सफरचंदांचा भाव इतका कोसळला की शेतकरी रस्त्यावर उतरले. हा भाव अंदाजाने पाडला असे म्हणता येईल का? अंदाज तर प्रत्यक्षाहून कमी होता. ज्याला मूठ झाकायची आहे त्याच्या हिशेबाने पाहिले, तर कमी सांगितल्याचा फायदा दिसायला हवा होता. तो दिसला नाही. पिकाने जो धक्का दिला, त्यातला एक भाग तरी न सांगितल्या गेलेल्या टनांचा होता.

आता दुसरा आक्षेप. तो मला पहिल्यापेक्षा जास्त अस्वस्थ करतो. माहिती मिळाली तरी थांबण्याची ताकद नसेल तर तिचे करायचे काय? केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ दरम्यान मोबाइल फोन आले तेव्हा मच्छीमार समुद्रातूनच बंदराबंदरांतले भाव विचारू लागले, आणि तिथे झालेला अभ्यास गाजला: मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला, ग्राहकाला मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त पडली, फेकून द्यावी लागणारी मासळी जवळजवळ संपली. माहितीचे समर्थक हे उदाहरण नेहमी देतात. पण महाराष्ट्रातल्या १०० गावांत शेतकऱ्यांना मोबाइलवर बाजारभाव आणि हवामान कळवून पाहिले गेले, आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शेतकऱ्याच्या पदरात पडणाऱ्या भावात ठळक फरक आढळला नाही. हे उदाहरण ते देत नाहीत. फरक कशात आहे, हे मी असे समजतो: होडीचे तोंड फिरवून दुसऱ्या बंदरात जाता येते. शेतकऱ्याला व्यापारी बदलता येतोच असे नाही, विशेषतः ज्याच्याकडून उचल घेतली आहे त्याला सोडून जाता येत नाही. परदेशी बाजारात अडतीवर माल पाठवणाऱ्या फळ बागायतदाराची स्थिती याहून बिकट असते. त्याचे फळ समुद्रात असते तेव्हा भाव ठरलेलाच नसतो.

म्हणून मान्य केले पाहिजे, की अंदाज एकट्याने काही करत नाही. सफरचंद आणि नासपतीच्या बाबतीत तो जास्त उपयोगी पडतो, कारण ती थांबू शकतात. चेरी, पीच आणि जर्दाळूच्या बाबतीत कमी, कारण त्यांचे आयुष्य थोडे. पण थांबण्याची ताकद नाही म्हणून माहितीही नको, हे तर्कशास्त्र मला कळत नाही. पायात चप्पल नाही म्हणून वाटही विचारू नये, असे कोणी म्हणेल का? शीतगृह, एकत्रित विक्री आणि अंदाज या गोष्टी एकमेकींच्या आधाराने उभ्या राहतात. दक्षिण आफ्रिकेचा इतिहास याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे.

तिथल्या केप प्रांतात १८८६ मध्ये फायलोक्सेरा ही द्राक्षवेलींच्या मुळांवरची कीड सापडली आणि वाइनचा धंदा बुडू लागला. त्या संकटातून ताज्या फळांच्या निर्यातीकडे लोक वळले. १८९२ मध्ये ‘ड्रमंड कॅसल’ या जहाजातून केपचे पीच लंडनला सुस्थितीत पोचले आणि उत्तरेचा हिवाळा हा दक्षिणेच्या फळांचा बाजार आहे हे सिद्ध झाले. पुढे १९३९ मध्ये पानझडी फळांसाठी स्वतंत्र मंडळ आले आणि निर्यात एकाच वाहिनीतून होऊ लागली. त्या व्यवस्थेत दोष होते. चांगल्या बागायतदाराचा माल सरासरीत बुडायचा, आणि वर्णभेदी राजवटीत तिचा लाभ कोणाला मिळत होता हेही विसरता येणार नाही. पण एक गोष्ट त्या एकाच वाहिनीत आपोआप घडत होती. सगळ्या बागांचा आकडा एका ठिकाणी जमत होता. १९९६ च्या नव्या कायद्यानंतर ही एकाधिकारशाही संपली आणि १९९७ पासून निर्यात शंभराहून जास्त निर्यातदारांमध्ये विखुरली. युरोपातल्या एकाच खरेदीदाराला एकाच खोऱ्यातल्या फळासाठी अनेकांकडून देकार जाऊ लागले आणि जो तो दुसऱ्यापेक्षा खाली बोली लावू लागला. बागा त्याच, फळ तेच, झाडांची संख्याही जवळजवळ तीच. नाहीसे झाले होते ते आपल्याकडे मिळून किती माल आहे याचे भान. तिथल्या बागायतदारांनी त्यावर काढलेला मार्ग मला फार शिकण्यासारखा वाटतो. त्यांनी एकाधिकारशाही परत मागितली नाही. त्याच नव्या कायद्याच्या आधारे त्यांनी आपल्याच मालावर लेव्ही, म्हणजे सर्वांना बंधनकारक वर्गणी, बसवून घेतली, आणि त्या पैशातून संशोधनाबरोबर माहिती गोळा करण्याची आणि अंदाज काढण्याची कायमची सोय केली.

आणि अंदाज कसा द्यावा, हेही तिथेच पाहायला मिळते. दक्षिण आफ्रिकेतली द्राक्ष संघटना हंगामाचा पहिला अंदाज एका आकड्यात देत नाही. साडेचार किलोच्या खोक्यांचा खालचा आणि वरचा असे दोन आकडे देते, पाच उत्पादन विभागांचे वेगवेगळे. हंगाम पुढे सरकतो तसा तो पट्टा ती पुन्हा तपासून बदलते. एकच आकडा दिला की वाचणारा त्याला वचन समजतो. पट्टा दिला की त्याला कळते, की हवामानाला अजून आपली बाजू मांडायची आहे. अंदाज चुकतात म्हणून ते निरुपयोगी, असे म्हणणाऱ्यांना माझे उत्तर हेच आहे. चुकतातच. एक साधे गणित करून पाहा. फळाचे वजन व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. सत्तर मिलिमीटरचे सफरचंद तोडणीपर्यंत पंचाहत्तर मिलिमीटरचे झाले, तर झाडावर एकही फळ न वाढता टनांचा आकडा सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो. शेवटच्या महिन्यातली दोन चांगल्या सरी किंवा दोन कोरडे आठवडे एवढा फरक सहज पाडू शकतात. मग मोजणाऱ्याने फळांची संख्या बरोबर मोजूनही टन चुकले, तर दोष कोणाचा? दोष संख्या आणि आकारमान वेगळे न सांगण्याचा. निर्यातीत तर आकारमानच पैसे देते. एक बाजार मोठे फळ मागतो, दुसरा मुलांच्या डब्यात मावणारे लहान. दोन्ही गोष्टी एका टनात कोंबल्या तर बागायतदाराला त्यातून काहीच वाचता येत नाही. याच कारणाने मला असेही वाटते, की प्रत्येक नव्या अंदाजाशेजारी त्याच संघटनेचे गेल्या दहा वर्षांतले अंदाज आणि प्रत्यक्ष पीक छापले जावे. जो आपली चूक दाखवतो त्याच्या आकड्यावर विसंबता येते.

आता झाडाबाहेरच्या गोष्टी. केंब्रिजमध्ये फ्रँकलिन किड आणि सिरिल वेस्ट यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिले, की साठवणुकीच्या खोलीत प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त ठेवला तर सफरचंद कितीतरी जास्त काळ टिकते. आज त्या तंत्राच्या सुधारित रूपामुळे उत्तर गोलार्धात शरदात तोडलेले सफरचंद पुढच्या उन्हाळ्यातही कुरकुरीत निघते. त्यामुळे दक्षिणेत फेब्रुवारीत तोडणी सुरू होते तेव्हा तिथल्या फळाची स्पर्धा रिकाम्या बाजाराशी नसते, उत्तरेच्या भरलेल्या शीतगृहांशी असते. जागतिक सफरचंद आणि नासपती संघटना युरोप आणि अमेरिकेतल्या साठ्यांचे आकडे दर महिन्याला देते. दक्षिणेच्या बागायतदाराला आपल्या पिकाच्या अंदाजाइतकाच तो साठ्याचा आकडा महत्त्वाचा आहे, तरीही हंगामी अंदाजाच्या बातमीत तो क्वचित येतो. साठा निदान मोजता तरी येतो. काही धक्के कोणत्याच मोजणीत येत नाहीत. ऑगस्ट २०१४ मध्ये युरोपातले पीक विक्रमी येणार असे दिसत होते आणि त्याच महिन्यात रशियाने युरोपीय फळांना दार बंद केले. पोलंडच्या सफरचंदाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक एका आठवड्यात गेले. २०२३-२४ च्या हंगामात केप टाउन बंदरात जोरदार वारे आणि अपुरी यंत्रसामग्री यांमुळे द्राक्षांचे कंटेनर अडकून पडले. पीक होते, पण जहाजावर चढत नव्हते. अशा वेळी अंदाज फुकट गेला असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. माझा अनुभव उलटा आहे. दार बंद झाले तेव्हा मागे किती माल उभा आहे हे ज्यांना ठाऊक होते, त्यांनाच नव्या बाजाराची आणि मदतीची मागणी आकड्यानिशी करता आली.

एक अडचण बागायतदारांच्या आत आहे आणि तिच्याविषयी मोकळेपणाने बोलले जात नाही. अंदाजासाठी बागेची माहिती मागायला माणूस येतो तेव्हा आपण हातचा राखून सांगतो. शंभर असेल तर ऐंशी. वाटते, एकट्याच्या वीसाने काय होणार? पण प्रत्येकाने वीस राखले की संघटनेचा आकडाच पोकळ होतो. खरेदीदाराकडे त्याची स्वतःची मोजणी असतेच. फसतो तो खोकी, कंटेनर आणि शीतगृहाची जागा याच पोकळ आकड्यावर धरणारा आपलाच माणूस. शिवाय दोन हंगाम आकडा कमी निघाला की तिसऱ्या हंगामात खऱ्या तुटीवरही कोणी विश्वास ठेवत नाही. एप्रिलच्या हिवाने खरोखर पीक मारले आणि तुम्ही तसे सांगितले, तर समोरचा म्हणेल, हे दर वर्षीचेच आहे.

आणि अखेर चिलीची चेरी, कारण या वादात आज सर्वाधिक पुढे केले जाणारे उदाहरण तेच आहे. २०२३-२४ मध्ये चिलीने सुमारे ४ लाख १३ हजार टन चेरी निर्यात केली आणि भाव उत्तम मिळाला. पुढच्या हंगामात निर्यात दीडपटीने वाढून ६ लाख टनांच्या पुढे जाणार, हे तिथल्या संघटनेने हंगामाआधीच सांगितले होते. जवळजवळ ९० टक्के माल एकट्या चीनला जातो आणि तिथली मागणी चांद्र नववर्षाभोवती एकवटलेली असते. २०२५ मध्ये ते नववर्ष जानेवारीच्या २९ तारखेलाच आले. त्यात हजाराहून जास्त कंटेनर चेरी घेऊन निघालेले एक जहाज इंजिन बिघडून प्रशांत महासागरात अडकले. भाव कोसळले. टीकाकार विचारतात, अंदाज तर बरोबर होता, जाहीरही झाला होता, मग त्याने कोणाला वाचवले? प्रश्न रास्त आहे. पण अंदाज आला तेव्हा झाडावर फळ लटकलेले होते. ते फळ ज्या झाडांचे होते ती पाच-सात-दहा वर्षांपूर्वी लावलेली होती, प्रत्येकाने आपापल्या बागेपुरता विचार करून, गेल्या हंगामाचा भाव डोळ्यांसमोर ठेवून. चिलीत सरकारी फळबाग नोंदणी आहे आणि कोणत्या प्रांतात कोणते फळ किती हेक्टरवर आहे हे ती सांगते. ६ लाख टनांची बातमी त्या नोंदवहीत कित्येक वर्षे आधी लिहिलेली होती. हंगामी अंदाजाने तिचा फक्त शेवटचा परिच्छेद वाचून दाखवला.

म्हणून संघटनांकडे माझा आग्रह ऑगस्टच्या किंवा नोव्हेंबरच्या आकड्यापुरता नाही. दर वर्षी कोणत्या जातीची किती झाडे लागली, किती उपटली, रोपवाटिकांनी किती कलमे विकली आणि ती कोणत्या खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या कोणत्या झाडावर, बांधलेली होती, आजच्या बागांचे वय काय आणि त्यावरून चार वर्षांनी किती माल येऊ शकतो, हे हंगामी अंदाजाच्या पहिल्या पानावर छापले जावे. रोपवाटिकांना ही माहिती द्यायला आवडणार नाही. त्यांचा धंदा तेजीत चालतो तो इतरांनी किती लावले हे ग्राहकाला ठाऊक नसते म्हणूनच. त्यांच्यावर ती सक्तीची करावी लागेल. आज बांधलेल्या कलमाला फळ येईल तेव्हा ते विकायला कोणत्या बाजारात जायचे, हे ठरवायला बागायतदाराजवळ आज चार वर्षे आहेत. तोडणीच्या आदल्या महिन्यात चार आठवडे उरतात.